थुंकी नको, बेडका हवा

नोकरीच्या सव्वीस वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य बहुतेक हेच असावं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत मी टेक्निशियन होते, त्यातली बरीच वर्षं सायटॉलॉजीच्या, म्हणजे सुट्या पेशी तपासायच्या, टेबलावर गेली. सकाळी आठपासून खिडकीपाशी रांग. प्रत्येकाच्या हातात झाकणाची प्लॅस्टिकची डबी आणि चेहऱ्यावर संकोच, कारण चारचौघांत खाकरणं आपल्याला लहानपणापासून वर्ज्य. मी पाठ म्हणून दाखवायचे: उठल्याबरोबर चूळ भरा, दोनतीनदा खोल श्वास घ्या, मग छातीच्या तळातून खोकून काढा. एक आजोबा वैतागून म्हणाले होते, "तळातनं काढायला हिर हाय व्हय ती?" आणि तासाभरानं त्यांची डबी आली ती नुसत्या बुडबुड्यांच्या लाळेनं भरून.

लाळ की बेडका, हे डोळ्यांनी बऱ्यापैकी कळतं. पण शिक्कामोर्तब सूक्ष्मदर्शकाखाली. स्लाइडवर गालाच्या आतल्या पापुद्र्यातल्या चपट्या पेशीच पसरलेल्या दिसल्या तर नमुना फुकट. पण त्यांच्यामध्ये एखादी गोल, गुबगुबीत पेशी दिसली, वालाच्या दाण्यासारखं केंद्रक एका बाजूला सरकलेलं, पोट फेसाळ आणि पोटात काळे-तपकिरी ठिपके, की समजायचं, माणसानं मनापासून खोकलंय. कारण ही पेशी तोंडात नसते, घशात नसते. तिचं बिऱ्हाड थेट वायुकोशात, श्वासाची वाट जिथं संपते तिथं. पुस्तकातलं नाव अल्व्हिओलर मॅक्रोफेज, मराठी पाठ्यपुस्तकात भक्षक पेशी, आणि आमच्या टेबलावर 'डस्ट सेल'. धूळ खाते म्हणून.

गंमत म्हणजे या पेशीला आमच्याकडे फक्त हजेरीपुरती किंमत होती. आहे? आहे. चला पुढं, कॅन्सरच्या पेशी शोधा. रेल्वेच्या डब्यात टीसीनं तिकीट बघावं आणि माणसाकडे बघू नये, तसं मी तिला हजारो वेळा बघितलं.

निवृत्तीला सहा महिने उरले असताना आईचा खोकला लांबला. वय चौऱ्याहत्तर, बारीक ताप, सीटी स्कॅनमध्ये उजव्या बाजूला एक सावली. छातीच्या डॉक्टरांनी ब्राँकोस्कोपी सांगितली. नाकातून बारीक दुर्बीण आत घालायची, फुफ्फुसाच्या एका फाट्यात अडकवायची, सलाईन सोडायचं आणि तेच परत ओढून घ्यायचं. याला बीएएल म्हणतात. थोडक्यात, फुफ्फुसाचा एक कोपरा विसळून त्याचं पाणी तपासायचं. परत आलेल्या पाण्यावर फेस आहे का, हे आम्ही आधी बघतो. ताकावर येतो तसा हलका फेस असला तर पाणी खोलवर जाऊन आलंय. आईच्या नमुन्यावर फेस होता.

घरच्या माणसाची स्लाइड आपण लावायची नाही, असा आमच्याकडे अलिखित नियम. सहकारी मुलीनं लावली, रंगवली, आमच्या डॉक्टर मॅडमनी बघितली. मग तिनं मला हाक मारली, "ताई, काही नाहीये. या, बघा." कॅन्सर नाही. टीबीच्या रंगात लाल काडी एकही नाही. मोजलेल्या पेशींत शंभरामागं ऐंशीच्या वर डस्ट सेल, उरलेल्या बहुतेक लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी. निरोगी फुफ्फुसाचं हेच प्रमाण असतं. सावली पुढं औषधांनी विरघळली, ती गोष्ट तिथंच संपली. माझी मात्र तिथून सुरू झाली, कारण त्या गोल पेशींची पोटं काळी होती. नुसते ठिपके नव्हते. काजळाच्या डबीत बोट बुडवून टेकवल्यासारखी काळी.

"सिगारेट?" मॅडमनी सवयीनं विचारलं आणि लगेच जीभ चावली.

आईनं आयुष्यात विडीला हात लावला नाही. पण लग्नानंतर एकवीस वर्षं चुलीपुढं बसली. फुंकणी तोंडाला लावून, डोळे मिटून, फूऽऽ करून मान बाजूला वळवणारी आई मला अजून दिसते. मान वळवून घेतलेला तो पुढचा श्वास कुठं जात होता, ते मला त्या दिवशी चारशेपट मोठं होऊन दिसलं.

घरी आल्यावर मी वाचायला लागले. लाज वाटण्यासारखीच गोष्ट. जिच्यावर पोट भरलं तिची माहिती निवृत्तीच्या तोंडावर काढायची.

आपण दिवसाला साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. ती जाते तीसचाळीस कोटींहून जास्त वायुकोशांत. एकेक वायुकोश मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा इतका पातळ की केसाच्या जाडीत असे शंभरएक पडदे सहज मावतील. नाकातले केस, घशातला चिकटा, श्वासनळीच्या आतल्या अस्तराची वरवर लोटत राहणारी लव, सगळा बंदोबस्त वाटेवर आहे. पण मुक्कामाच्या ठिकाणी लव नाही, चिकटा नाही. तिथं ठेवता येणारही नाही, कारण जाड काही आलं की प्राणवायू पलीकडे जायचा नाही. एवढ्या नाजूक जागी राखणीला ही एकच पेशी सोडलेली, रेंगाळत, चाचपडत, सापडेल ते गिळत.

राखण म्हटलं की आपल्याला शिपाई आठवतो. रोगप्रतिकारशक्तीवरच्या आपल्या लेखांत तर सदैव युद्धच चालू असतं: शत्रू, सैन्य, किल्ला, तटबंदी. मलाही तीच सवय. पण वायुकोशात युद्ध परवडत नाही. लढाई म्हणजे सूज, सूज म्हणजे पाझर, आणि पाझर म्हणजे हवेच्या जागी पाणी. न्यूमोनियात माणूस गुदमरतो त्यात जंतूंइतकाच वाटा त्यांच्यावर धावून आलेल्या आपल्याच फौजेचा असतो. म्हणून या पेशीचं खरं कसब बोंब न मारण्यात आहे. रोजच्या हवेतून धूळ येते, परागकण येतात, बुरशीचे बीजकण येतात, चुकार जंतू येतात. हिनं ते गिळायचं, पचवायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही.

कॅनडातल्या कॅल्गरीमध्ये पॉल क्युब्स यांच्या गटानं जिवंत उंदराच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकानं हे प्रत्यक्ष पाहिलं. 2020 साली ते प्रसिद्ध झालं. उंदरात वायुकोश जास्त आणि या पेशी कमी, म्हणजे प्रत्येक खोलीला एक मोलकरीण नाही. तर या पेशी वायुकोशांमधल्या बारीक भोकांतून सरपटत एका खोलीतून दुसरीत जातात. जंतू पडला की त्याच्या दिशेनं सरकतात आणि त्याला पोटात लपवून टाकतात, न्यूट्रोफिल नावाच्या लढाऊ पांढऱ्या पेशींना वास लागायच्या आत. संशोधकांनी त्यांचं हे सरपटणं बंद पाडलं तेव्हा किरकोळ जंतूंवरही न्यूट्रोफिलांची झुंड धावून आली आणि नासधूस झाली. फ्लू झालेल्या उंदरांत हेच सरपटणं आपोआप मंदावलं होतं. फ्लू बरा होत आला आणि मग न्यूमोनियानं गाठलं, अशा केस आम्ही वर्षानुवर्षं बघितल्या. त्यामागं कदाचित हेही एक कारण असेल, असं वाचताना मी खुर्चीत सरळ झाले.

आणखी एक गोष्ट मला नवी होती. या पेशी अस्थिमज्जेतून रक्तावाटे सतत पुरवल्या जातात, असं मी शिकले होते. ते मागं पडलंय. 2013 च्या सुमाराला उंदरांवरच्या कामातून दिसलं की त्यांचे पूर्वज गर्भाच्या यकृतातून निघतात, जन्माच्या आसपास फुफ्फुसात उतरतात, पहिल्या काही दिवसांत, म्हणजे पिल्लू नुकतं श्वास घ्यायला लागलेलं असताना, तिथल्या होतात, आणि मग बरीचशी वंशवेल तिथंच वाढते. मोठं आजारपण येऊन त्या मेल्या तर मात्र रक्तातून भरती होते. ती मंडळी नवखी आणि तापट. कोविडच्या गंभीर रुग्णांच्या फुफ्फुसातल्या पाण्यात जुन्या पेशी कमी होऊन या नवख्यांची गर्दी दिसली होती.

आता त्या फेसाबद्दल. वायुकोशांना आतून एक साबणासारखा मेदाचा थर असतो, सर्फॅक्टंट. तो नसेल तर श्वास सोडताना वायुकोश ओल्या फुग्यासारखे आतून चिकटून बसतील. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं श्वासाशी झगडणं याच्याच अभावामुळे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी 1959 साली दाखवलं. थर रोज नवा तयार होतो, म्हणजे जुना रोज काढावाही लागतो. त्यातला बराचसा बनवणाऱ्या पेशीच परत वापरतात, उरलेला खरवडून काढायचं काम आमच्या डस्ट सेलचं.

ते काम तिनं केलं नाही तर काय होतं, हे मी एकदाच बघितलंय. चाळिशीतला एक माणूस, धाप लागते म्हणून आलेला, ताप नाही, जंतू नाहीत, आणि एक्स-रे दोन्हीकडे पांढरा. ऑपरेशन थिएटरमधून आमच्याकडे काचेच्या बाटल्यांची ट्रॉलीच आली. भूल देऊन एका फुफ्फुसावर श्वास चालू ठेवायचा आणि दुसरं कोमट सलाईननं धुऊन काढायचं, लिटरच्या लिटर. पहिली बाटली म्हणजे घट्ट ताक. तळाशी दह्याच्या कवड्यांसारखा गाळ बसलेला. दुसरी जराशी पातळ. पुढच्या पुढच्या निवळत गेलेल्या, आणि शेवटची तांदळाच्या दुसऱ्या धुवणाएवढी गढूळ. आम्ही त्या टेबलावर ओळीनं लावल्या. डिपार्टमेंटमधले सगळे येऊन बघून गेले, शिपाईमामासुद्धा. "एवढं पू?" मामांनी विचारलं. पू नव्हता. त्या माणसाचा स्वतःचाच साबण होता, रोजच्या रोज न काढलेला.

पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस. 1958 मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला हा आजार कितीतरी वर्षं कोडंच होता. उलगडला तो चुकून. 1994 साली अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन गटांनी जीएम-सीएसएफ नावाच्या प्रथिनाचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. रक्तपेशी बनवण्यात या प्रथिनाचा हात असतो, तेव्हा उंदरांचं रक्त बिघडेल असा होरा. रक्त जवळपास ठीक निघालं आणि फुफ्फुसं मात्र सर्फॅक्टंटनं तुंबली. पाच वर्षांनी जपानी संशोधकांनी रुग्णांच्या शरीरात याच प्रथिनाला अडवणारी प्रतिपिंडं शोधून काढली. म्हणजे भक्षक पेशी जागेवर आहेत, पोट भरलेलं आहे, पण 'पचव' हा निरोपच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्या माणसाच्या स्लाइडवर मी त्या पेशी बघितल्या होत्या, फुगून तट्ट झालेल्या, पुरणपोळीच्या पंगतीतून उठू न शकणाऱ्या पाहुण्यासारख्या. तो माणूस धुलाईनंतर चालत घरी गेला. वर्षभरानं परत धुवायला आला होता.

भक्षक पेशी शोधल्या इल्या मेचनिकॉव्ह यांनी. 1882 चा डिसेंबर, सिसिलीतलं मेसिना, समुद्रकाठचं भाड्याचं घर. घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेलेली आणि हे एकटे घरी, सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या पारदर्शक अळ्या बघत. अंगणातून गुलाबाचे बारीक काटे आणले आणि अळ्यांच्या कातडीखाली खोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. 1908 चं नोबेल त्यांना पाउल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळालं ते याच्या पुढच्या कामासाठी.

ही गोष्ट सगळ्या पुस्तकांत असते. तिच्या नऊ वर्षं आधीची क्वचित असते. मेचनिकॉव्ह यांची पहिली बायको ल्युडमिला क्षयरोगी होती. 1869 साली लग्नाच्या दिवशी तिला चर्चमध्ये खुर्चीवर बसवून उचलून न्यावं लागलं, इतकी ती थकलेली. चांगल्या हवेसाठी तो तिला मदेरा बेटावर घेऊन गेला, आणि 1873 मध्ये ती तिथंच गेली. त्यानं स्वतःही जीव द्यायचा प्रयत्न केला. ज्या 1882 च्या अखेरीला त्याला मेसिनात या पेशी दिसल्या, त्याच वर्षी 24 मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगासमोर मांडला होता. पुढं कळलं ते असं की हा जंतू राहतो नेमका भक्षक पेशीत. श्वासातून येतो, वायुकोशात पडतो, डस्ट सेल इमानेइतबारे त्याला गिळते, आणि गिळल्यावर जठररस असलेली पिशवी त्याच्या पिशवीला जोडली जावी तर तो ती जोडूच देत नाही. खाल्लं जाणं हाच त्याचा घरात शिरायचा रस्ता.

आनंदीबाई जोशी बोटीत बसल्या 1883 ला, डॉक्टर झाल्या 1886 ला आणि पुण्यात क्षयानं गेल्या 1887 च्या फेब्रुवारीत, बावीसही पुरी व्हायच्या आत. जंतू माहीत होता, पेशी माहीत होती, औषध यायला मात्र अजून साठ वर्षं होती. टीबीचा जंतू रंगवायची झील-नील्सनची स्लाइड बर्नरवर वाफ येईपर्यंत गरम करताना मला त्या बऱ्याचदा आठवायच्या, का कोण जाणे. निदान हातात असणं आणि इलाज नसणं, यापेक्षा वाईट पाळी टेक्निशियनवर येत नाही.

न पचणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. गारगोटीची धूळ, म्हणजे सिलिका, ही पेशी गिळते, आणि तो कण तिचं पोट आतून फाडतो. ती मरते, कण मोकळा होतो, दुसरी येऊन गिळते, तीही मरते. प्रत्येक मरणाबरोबर थोडी सूज, थोडा व्रण. असं करत फुफ्फुसाचं चामडं होतं. पाटीवरच्या ज्या पेन्सिलीनं मी श्री गिरवली, आणि मास्तरांची नजर चुकवून खाल्लीसुद्धा, त्या पेन्सिली कापणारे मध्य प्रदेशात मंदसौरकडचे कामगार याच सिलिकोसिसनं तरुणपणी गेले. हे मला पन्नाशीनंतर कळलं. पेन्सिलीची ती मातकट चव मात्र अजून जिभेवर आहे.

काजळी त्या मानानं सभ्य. ती पेशीला लगेच मारत नाही, नुसती पचत नाही. काही पेशी काजळी पोटात घेऊन वरच्या लवेपर्यंत पोचतात, तिथून घशात येतात आणि आपण त्यांना नकळत गिळून टाकतो. काही लसिकाग्रंथीत जाऊन बसतात. उरलेल्या तिथंच. सभ्य म्हटलं, पण निरुपद्रवी नव्हे. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये धडधाकट मुलांच्या बेडक्यातल्या याच पेशी तपासून त्यांतली काजळी मोजली गेली. 2006 साली आलेल्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव कुलकर्णी आहे, हे बघून मला उगाचच बरं वाटलं. जितकी काजळी जास्त, तितका मुलांच्या फुंकरीचा जोर कमी. ती मुलं काही चुलीपुढं बसलेली नव्हती. गाड्यांच्या रस्त्याकाठी राहत होती, एवढंच.

आईच्या स्लाइडचा फोटो मी मोबाइलवर काढून घेतला होता. दिवाळीत गावी गेल्यावर तिला दाखवला. खरं तर मनात एक भाषण तयार होतं: ही पेशी बघ, गपचूप राबते, कुणाला कळू न देता घर साफ ठेवते, सगळा धूर स्वतःच्या पोटात घेते, अगदी तुझ्यासारखी. अर्ध्यातच तिनं मला थांबवलं.

"गपचूप?" ती म्हणाली. "मी कवा गप बसलेय? धूर जायाला कौलात भोक पाड म्हणून तुझ्या बापाशी दोन वर्सं भांडत व्हते. शेवटी मीच शिडी लावली."

हे खरं होतं. ते भोक मला आठवतं. पावसाळ्यात त्यावर पत्र्याचा डबा कापून ठेवायचो.

चष्मा लावून तिनं फोटो जवळ घेतला. दोन बोटांनी मोठा करायला नातवानं शिकवलंय, तसा मोठा केला. जांभळ्या-निळ्या रंगात त्या गोल पेशी, पोटात काळं.

"ह्ये माझं?"

"हो."

"आन् ह्ये काळं कवाचं म्हनायचं?"

तसं सांगता येत नाही, मी म्हटलं. पेशी एवढी वर्षं जगत नाही. एक मरते तेव्हा दुसरी तिला खाते, आणि तिच्या पोटातलं काळंही त्याबरोबर हिच्याकडे येतं. मग हिच्याकडून पुढचीकडे. सासूकडून सुनेकडे पातेली जातात तसं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग एका पेशीवर नख ठेवून म्हणाली, "ही बहात्तरची आसंल. दुष्काळाची. त्या वर्षी वैरनच न्हवती तर शेन कुठलं, आन् शेनी कुठल्या? धसकटं जाळली, एरंडाच्या काड्या जाळल्या, मोडकी इरली जाळली. तुझ्या आज्जीनं पाळन्याची फळी काढून दिली व्हती एकदा." जरा थांबली. "लई धूर व्हायचा त्या फळीचा. रंग दिलेला व्हता न्हवं तिला."